सॉक्स-९ चा नळ: कूर्चा कशी बनते ते बघायला डॉक्सीवर चालू-बंद होणारी सेल लाईन

मागच्या पावसाळ्यात आमचे सहा आठवडे वाया गेले आणि कारण निघालं काय, तर सिरम, म्हणजे मीडियात (पेशींच्या खाद्यात) घालतात तो वासराच्या रक्ताचा निवळ. सेल लाईन बनली होती, सॉक्स-९ हा कूर्चेचा जीन बरोबर बसला होता, सिक्वेन्सिंग ओके, डॉक्सीसायक्लीन (डॉक्सी) हे अँटिबायोटिक घातलं की जीन चालू होऊन कूर्चेचं कोलाजेन-२ वर जात होतं, सगळे खूश, कुणीतरी कुंदा पण आणला. आणि मग एका ज्युनियर पोरीनं सहज विचारलं, ताई, ज्या प्लेटमध्ये डॉक्सी पण नाही आणि इन्सुलिन पण नाही ती निळी कशी काय झाली? कूर्चेचं मॅट्रिक्स बनलं की अल्शियन ब्लू रंगानं प्लेट निळी होते, आणि ते सॉक्स-९ नं नाहीतर इन्सुलिननं बनतं. बघितलं तर खरंच निळी. म्हणजे नळ बंदच होत नव्हता, ठिबकत होता, आणि आम्ही फक्त चालू केल्यावर धार किती येते तेवढंच मोजत बसलेलो.

म्हणून हे लिहितेय. बेळगावात बायोटेक, लाईफ सायन्सची पोरं आता कमी नाहीत, आरसीयू, व्हीटीयू, केएलई, सगळ्या विद्यापीठांत, कॉलेजांत आहेत, पण असल्या गोष्टी मराठीत कुणी बसून सांगत नाही. जीन आत घालणं हे यातलं सोपं काम आहे, खरं काम म्हणजे बंद केल्यावर तो बंद असतो हे दाखवणं, आणि जे काय दिसतंय ते जीनमुळं की औषधामुळं हे वेगळं करणं. बाकी स्टेप्स त्यासाठीच आहेत.

कशाला पाहिजे हे सगळं

कूर्चेत सॉक्स-९ म्हणजे ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. तो स्वतः कोयता मारत नाही पण त्यानं हाक मारल्याशिवाय कोलाजेन-२ आणि अॅग्रिकॅन कामाला येत नाहीत, आणि सॉक्स-५ नि सॉक्स-६ हे त्याचे दोन हाताखालचे. माणसात याच्या दोन कॉप्यांपैकी एक जरी बिघडली तरी कॅम्पोमेलिक डिस्प्लेझिया होतो, हाडं वाकडी, श्वास घ्यायला त्रास, आणि हे सॉक्स-९ मुळं होतं ते १९९४ साली कळलं. म्हणजे बघा, निम्मा डोस पण पुरत नाही. जिथं डोसला एवढी किंमत आहे तिथं जीन कायम फुल्ल चालू ठेवून काय शिकणार? शिवाय वेळ पण महत्त्वाची, पेशी एकत्र गोळा होतात तेव्हा सॉक्स-९ पाहिजे, पण पुढं पेशी फुगून हाडाच्या वाटेला लागतात त्या टप्प्यात तो खाली जातो आणि रन्क्स-२, कोलाजेन-१० वर येतात.

कायम चालू ठेवण्यात अजून एक घोळ आहे. ज्या पेशीत जीन जोरात चालतो ती वाढायचं सोडून वेगळ्याच वाटेला लागते, ज्यांच्यात कमी चालतो त्या वाढत राहतात, आणि महिन्याभरानं तुमच्या फ्लास्कमध्ये फक्त कामचुकार पेशी उरतात. नळ बंद ठेवून पेशी वाढवायच्या आणि पाहिजे त्या दिवशी उघडायचा, हा त्याच्यावरचा उपाय.

पेशी कुठली घ्यायची

पहिल्यांदाच करत असाल तर एटीडीसी-५ घ्या. उंदराच्या टेराटोकार्सिनोमापासून १९९० च्या सुमारास जपानमध्ये काढलेली लाईन, डीएमईएम-एफ-१२ मध्ये ५ टक्के सिरमवर वाढते, आणि इन्सुलिन दिलं की तीन आठवड्यांत सगळे टप्पे दाखवते, गोळे होणं, मॅट्रिक्स, मग फुगणं. डोस ठरलेला आहे, इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, ट्रान्सफेरिन तेवढंच, आणि सोडियम सेलेनाईट ३० नॅनोमोलर. इन्सुलिन इतकं जास्त असतं की ते आयजीएफ-१ च्या रिसेप्टरवरून काम करतं, म्हणून मीडियात आणखी काय मिसळताय याच्यावर लक्ष ठेवा.

दुसरा पर्याय सी-३-एच-१०-टी-हाफ, ती आपणहून काही करत नाही, बीएमपी-२ हे वाढीचं प्रोटीन देऊन मायक्रोमासमध्ये, म्हणजे पेशींच्या दाट थेंबात, ठेवावी लागते. सॉक्स-९ एकटा काय करू शकतो हा प्रश्न असेल तर मला हीच जास्त आवडते कारण पाटी कोरी असते. माणसाच्या मेसेन्कायमल पेशी सगळ्यात खऱ्या पण दर डोनरला वेगळा निकाल, दहाएक पॅसेजच्या (फ्लास्क भरला की नव्यात टाकायच्या फेऱ्या) आत दमतात, आणि क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेली लाईन, काढायचं म्हणजे विसराच. त्या नंतर.

नळाची रचना

टेट सिस्टम १९९२ ची, गॉसेन आणि बुजार्ड यांची. बॅक्टेरियात टेट्रासायक्लीन आलं की टेट-आर नावाचं प्रोटीन डीएनएवरून सुटतं, त्याच प्रोटीनला हर्पिस व्हायरसच्या व्हीपी-१६ चा जीन चालू करणारा तुकडा जोडून त्यांनी स्विच केला, औषध घातलं की बंद, तो टेट-ऑफ. १९९५ मध्ये त्यात बदल करून उलटा केला, म्हणजे औषध घातलं की चालू, तो टेट-ऑन, आणि आपल्याला हाच पाहिजे. यात दोन भाग असतात, एक आरटीटीए नावाचं प्रोटीन कायम बनत राहतं आणि दुसरा टीआरई प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा भाग), ज्याच्यापुढं तुमचा जीन. डॉक्सी आली की आरटीटीए टीआरईवर बसतं आणि पाणी सुरू.

आमच्याकडं घटप्रभेच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे पटकन कळतं, हिडकल धरणाचं पाणी सुटलं म्हणजे तुमच्या रानात आलं असं नाही, दारं धरायला कुणीतरी पाहिजे. आरटीटीए म्हणजे दारं धरणारा माणूस, तो कमी पडला तर डॉक्सी कितीपण ओता, काही होत नाही. म्हणून आरटीटीए कुठल्या प्रमोटरखाली आहे ते आधी बघा. सीएमव्ही असेल तर मेथिलेशन (डीएनएवर रासायनिक खूण) होऊन काही आठवड्यांत गप्प बसायची सवय आहे त्याला, ईएफ-१-अल्फा किंवा पीजीके बरा.

दोन्ही भाग एकाच व्हेक्टरमध्ये (जीन वाहून नेणाऱ्या डीएनएत) असलेली प्लास्मिड, म्हणजे डीएनएची गोल कडी, मिळतात, उदाहरणार्थ पीसीडब्ल्यू-५७.१, त्यात पेशी मारणाऱ्या प्युरोमायसिन औषधाला रेझिस्टन्स आहे, म्हणजे जीन गेलेल्या पेशीच वाचतात, आणि गेटवे क्लोनिंगनं जीन घालता येतो. सुरुवातीला एकव्हेक्टरवालाच घ्या, दोन वेळा सिलेक्शन करायचा वैताग वाचतो. प्लास्मिड शक्यतो अगर स्टॅबमध्ये मागवा, त्याला ड्राय आईस लागत नाही, नाहीतर बेंगळुरूवरून निघालेलं पार्सल शनिवारी हुबळीत अडकलं आणि सोमवारी आपल्याकडं नुसता रिकामा थर्माकोल, हे आम्ही एन्झाईमच्या बाबतीत भोगलंय. आणि व्हेक्टर वाढवायला स्टेबल-३ सारखीच ई-कोलाय वापरा, साध्या डीएच-५-अल्फात एलटीआर (व्हेक्टरच्या दोन टोकांचे सारखे भाग) आपापसात जुळून मधला तुकडा गायब होऊ शकतो.

जीनबद्दल दोन गोष्टी. माणसाचा सॉक्स-९ ५०९ अमिनो आम्लांचा, म्हणजे दीड हजार बेसच्या आसपास, लेन्टीव्हायरसमध्ये (जीन पेशीत पोचवणारा व्हायरस) आरामात बसतो, अॅग्रिकॅनसारखा अवाढव्य जीन घालायचा विचार सोडा. पण तो जीसीनं भरलेला आहे, साध्या पीसीआरनं बँड येत नाही म्हणून रडू नका, जीसी बफर नाहीतर थोडं डीएमएसओ घाला. टॅग, म्हणजे ओळखीचा छोटा तुकडा, लावायचा तर पुढच्या टोकाला, कारण मागच्या टोकाला त्याचा कामाचा भाग आहे. आणि फ्लॅग टॅग लावाच, तोच पुढं वाचवतो, कारण पेशीचा स्वतःचा सॉक्स-९ आणि तुमचा सॉक्स-९ दुसऱ्या कशानं वेगळा ओळखणार?

सोबत एक जोडीदार लाईन बनवायला त्याच दिवशी घ्या, तोच व्हेक्टर पण सॉक्स-९ च्या जागी चमकणारं जीएफपी किंवा ल्युसिफरेज. नंतर करू म्हणाल तर कधीच होत नाही.

कागद आधी, व्हायरस नंतर

लेन्टीव्हायरसचं काम भारतात १९८९ च्या नियमांखाली येतं, संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची मंजुरी लागते आणि बीएसएल-२ (दुसऱ्या पातळीच्या सुरक्षित लॅब) ची सोय लागते. मीटिंग वर्षातनं मोजक्या वेळा होते, तेव्हा क्लोनिंग सुरू करतानाच अर्ज टाका. तुमच्याकडं ती सोय नसेल तर पिगीबॅक ट्रान्सपोझॉन (स्वतः उडी मारून जीनोममध्ये बसणारा डीएनए) वापरा, व्हायरस नाही, जीन पण मोठा बसतो, फक्त ट्रान्सफेक्शन नीट व्हायला पाहिजे, आणि कमिटीचा कागद त्याला पण लागतोच.

व्हायरस बनवायच्या आधी किल कर्व्ह. साध्या एटीडीसी-५ ना प्युरोमायसिन ०, ०.५, १, २, ३, ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि द्या आणि ज्या सगळ्यात कमी डोसला तीन दिवसांत सगळ्या मरतात तो घ्या. दुसऱ्याच्या थिसिसमधला आकडा उचलू नका, बाटली बदलली की आकडा बदलतो.

मग व्हायरस बनवणाऱ्या पेशी, एचईके-२९३-टी, १० सेंमीची प्लेट ७० ते ८० टक्के भरलेली. ट्रान्सफर प्लास्मिड (तुमचा जीनवाला) १० मायक्रोग्रॅम, व्हायरसचे भाग बनवणारे पीएसपॅक्स-२ साडेसात नि पीएमडी-२-जी अडीच, आणि डीएनए आत ढकलणारं पीईआय डीएनएच्या तिप्पट, वीस मिनिटं ठेवून थेंब थेंब सोडा. या पेशी हलक्या चिकटलेल्या असतात, जोरात मीडिया ओतला की पूर्ण चादर उठून येते. रात्रभरानं मीडिया बदला, ४८ आणि ७२ तासांनी वरचं पाणी गोळा करा, ०.४५ मायक्रॉनच्या पीईएस फिल्टरमधनं गाळा, आणि लहान लहान भाग करून उणे ८० ला. एकदा वितळवलेला परत गोठवायचा नाही.

एटीडीसी-५ वर घालताना व्हायरस चिकटायला मदत करणारं पॉलिब्रीन ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. माणसाच्या मेसेन्कायमल पेशी असतील तर पॉलिब्रीननं त्यांची वाढ मंदावते, तिथं प्रोटामिन सल्फेट बरं. व्हायरस किती घालायचा? इथं सगळ्यांचा हात सैल सुटतो. जास्त व्हायरस म्हणजे एका पेशीत जीनच्या पाच-सहा कॉप्या, आणि प्रत्येक कॉपी थोडी थोडी ठिबकते. पातळ करत चार-पाच डोस लावा आणि ज्या डोसला सुमारे चौथा हिस्सा पेशीच प्युरोमायसिनमधनं वाचतात तो ठेवा. तो एमओआय (पेशीमागं व्हायरस) साधारण ०.३ होतो आणि हिशोबानं वाचलेल्यांपैकी ८६ टक्के पेशींत एकच कॉपी असते. सिलेक्शन ४८ तासांनी सुरू करा.

क्लोन

पूल, म्हणजे वाचलेल्या सगळ्या पेशी एकत्र, वापरला तर लवकर होतं, पण पूलमध्ये काही पेशी ठिबकणाऱ्या, काही बहिऱ्या, सरासरी बघून काहीच कळत नाही. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलमागं अर्धी पेशी या हिशोबानं टाका, ५८ च्या आसपास वेल रिकामे राहतील, २९ मध्ये एकच पेशी, आणि आठ-नऊ मध्ये एकापेक्षा जास्त. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बसून एक-एक वेल बघून खूण करा, कंटाळा येतो, पण करा. एकटी पेशी लवकर वाढत नाही तेव्हा जुन्या फ्लास्कमधला गाळलेला मीडिया निम्मा मिसळा.

आता एटीडीसी-५ ची खोड. या लाईनचे क्लोन एकमेकांसारखे वागत नाहीत, काही जण जीन न घालताच कूर्चा बनवायचं विसरतात. म्हणून एक सुंदर क्लोन निवडून त्याच्यावर सगळा पेपर उभा करू नका, कमीत कमी तीन ठेवा आणि प्रत्येकाला आधी डॉक्सीशिवाय नुसतं इन्सुलिन देऊन २१ दिवस बघा. जो मूळ पेशीसारखा निळा होतो तोच पुढं घ्यायचा.

नळ तपासणी, इथं घाई नाही

डॉक्सी म्हणजे डॉक्सीसायक्लीन हायक्लेटची लॅब पावडर, खडेबाजारातल्या मेडिकलमधली कॅप्सूल फोडून नव्हे, हसू नका, एकानं केलेलं आहे. पाण्यात १ मिलिग्रॅम प्रति मिलि, ०.२२ मधनं गाळून, फॉईल गुंडाळून, उणे २० ला. उजेडात ती खराब होते. एका मिलि मीडियात १ मायक्रोलिटर म्हणजे १००० नॅनोग्रॅम.

डोस ०, १०, ५०, १००, ५००, १००० नॅनोग्रॅम प्रति मिलि असे लावा, २४ तासांनी आरएनए आणि ४८ तासांनी फ्लॅगचा वेस्टर्न (अँटिबॉडीनं प्रोटीनचा बँड बघणं). बघायचं पहिलं शून्यवालं. त्या लेनला फिल्म जास्त वेळ एक्स्पोज करा, मुद्दाम, बाकीच्या लेन पार काळ्या होईपर्यंत. तरीपण बँड नाही आला तर नळ बंद. मग वरचे डोस, आणि तिथं सगळ्यात मोठा बँड देणारा डोस निवडायचा मोह आवरा. पेशीचा स्वतःचा सॉक्स-९ किती असतो त्याच्या दुप्पट-तिप्पट पुरे, पन्नासपट झाला की जे दिसतं ते शरीरात कधीच होत नाही. अँटिबॉडी सॉक्स-९ चीच वापरलीत तर दोन्ही एकत्र मोजले जातात, अंदाज लगेच येतो.

आणि आता सिरम. गाई-म्हशी असलेल्या घरातल्यांना सांगायला नको, जनावराला ऑक्सीटेट्राचं इंजेक्शन दिलं की काही दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं, औषध दुधात उतरतं. तसंच ते रक्तात असतं, आणि आपलं सिरम गाईच्याच वासरांचं. नव्या टेट-ऑनला फार थोडी डॉक्सी पुरते, त्यामुळं नळ ठिबकायला सिरममधला अंशच बास होतो. आमचं हेच झालेलं. बाटलीवर टेट-फ्री (टेट्रासायक्लीन नसलेलं) लिहिलेलं सिरम घ्या, महाग पडतं, पण तीन महिन्यांच्या पगारापेक्षा स्वस्त. परवडत नसेल तर दोन-तीन लॉटचे सँपल मागवा आणि जीएफपीवाल्या जोडीदार लाईनवर टाका, चमकली की तो लॉट परत.

बंद करताना पण बघा. डॉक्सी पेशीत साठते, म्हणून एकदा धुऊन भागत नाही, पीबीएसनं तीनदा धुवा, नवा मीडिया घाला, तीन तासांनी तो पण काढून परत नवा. आरएनए लवकर उतरतो, प्रोटीन मागनं रेंगाळत येतं, तुमच्या क्लोनमध्ये किती दिवस लागतात ते मोजून वहीत लिहा, कारण ‘तिसऱ्या दिवशी बंद केला’ म्हणजे खरं तर पाचव्या दिवशी बंद झाला असं असू शकतं.

मायकोप्लाझ्माची (पेशींना लपून लागणारा बारीक जंतू) टेस्ट डॉक्सी घालायच्या आधी. टेट्रासायक्लीन जातीची औषधं मायकोप्लाझ्माला दाबतात, मग डॉक्सीवाल्या प्लेटमधल्या पेशी तब्येतीनं चांगल्या दिसतात आणि आपण म्हणतो वा, सॉक्स-९ ची कमाल.

खरा प्रयोग

एटीडीसी-५ दाट लावा, भरल्या की इन्सुलिनचा मीडिया, दर दोन दिवसांनी बदला. डॉक्सी मीडियात साधारण एका दिवसात निम्मी होते, त्यामुळं शुक्रवारी घातली आणि सोमवारी बघू हे चालत नाही, रविवारी यायचं. वेळापत्रक दारं धरल्यासारखं, एका सेटला पहिले तीन दिवस, एकाला तीन ते सात, एकाला सात ते चौदा, एकाला कायम, एकाला कधीच नाही. हे सगळं इन्सुलिनसह आणि इन्सुलिनशिवाय, नाहीतर इन्सुलिनचं काम सॉक्स-९ च्या नावावर लागतं.

सी-३-एच-१० असेल तर मायक्रोमास, मिलिला १ कोटी पेशी करून १० मायक्रोलिटरचा थेंब २४ वेलच्या मधोमध, म्हणजे एका थेंबात १ लाख, दोन तास इन्क्युबेटरमध्ये हलवू नका, मग कडेनं हळू मीडिया सोडा. बीएमपी-२ १०० नॅनोग्रॅम प्रति मिलि. माणसाच्या पेशी असतील तर अडीच लाख पेशी १५ मिलिच्या ट्यूबमध्ये ५०० जी ला पाच मिनिटं फिरवा, झाकण सैल, दुसऱ्या दिवशी पेलेट आपोआप गोळी होऊन सुटते. टीजीएफ-बीटा-३ १० नॅनोग्रॅम प्रति मिलि, डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, अॅस्कॉर्बेट ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि.

आता कंट्रोल, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्सी हे नुसतं बटण नाही. ती मॅट्रिक्स तोडणारी एमएमपी एन्झाईम्स स्वतःच दाबते, आणि पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात प्रोटीन बनायला पण अडवते. म्हणजे जीन काहीही न करता, फक्त डॉक्सीमुळं मॅट्रिक्स कमी तुटलं तर प्लेट जास्त निळी दिसणारच! कूर्चेचाच अभ्यास करणाऱ्यांना हा खड्डा सगळ्यात खोल. म्हणून प्रत्येक वेळी चार गट, मूळ पेशी किंवा जीएफपी लाईन डॉक्सीशिवाय आणि डॉक्सीसह, सॉक्स-९ लाईन डॉक्सीशिवाय आणि डॉक्सीसह. जीएफपी लाईनमध्ये डॉक्सीनं काही हललं तर तेवढं वजा धरा, किंवा डोस कमी करा. डॉक्सी कॅल्शियमला पण धरते, म्हणून शेवटच्या टप्प्यात अलिझरिन रेड (कॅल्शियम दाखवणारा रंग) करणार असाल तर जास्तच सावध.

मोजायला अल्शियन ब्लू स्वस्त आणि मस्त. ०.१ नॉर्मल एचसीएलमध्ये ०.१ टक्का, रात्रभर, पाण्यानं धुवून फोटो, मग ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराईडमध्ये रंग उतरवून ६३० नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग. तेवढ्यावर थांबू नका, पेशी जास्त असतील तरी निळं जास्त येतं, म्हणून शेजारच्या वेलचा डीएनए मोजून भागा. क्यूपीसीआरला (जीन किती चालतो ते मोजायला) कोलाजेन-२, अॅग्रिकॅन, कोलाजेन-१०, रन्क्स-२, एमएमपी-१३, आणि तुलनेसाठी हाऊसकीपिंग जीन (सगळीकडं सारखाच चालणारा) एक नाही दोन, तीन आठवड्यांत पेशीचा स्वभावच बदलतो तेव्हा एकट्या जीएपीडीएचवर भरवसा नको. पेलेटमधनं आरएनए काढताना मॅट्रिक्स चिवट असतं, नुसता ट्रायझॉल घालून चालत नाही, चेचावं लागतं.

आपल्याकडच्या कटकटी

जून ते सप्टेंबर खानापूर, बेळगाव पट्ट्यात हवा इतकी ओली असते की इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी धरायला वेळ लागत नाही. दर आठवड्याला ट्रे काढा, ऑटोक्लेव्ह केलेलं डिस्टिल्ड पाणी, आणि पावसाळ्यात २१ दिवसांचा मोठा प्रयोग शक्यतो लावूच नका, क्लोनिंग आणि वेस्टर्न तेव्हा उरका. लाईट गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून बघायचं नाही, बंद राहिला तर बराच वेळ ऊब धरतो. जनरेटरवर इन्क्युबेटर आहे की फक्त एसी आणि साहेबांची केबिन, हे प्रयोग लावायच्या आधी इलेक्ट्रिशियन मामांना विचारा, आम्हाला एका ठिकाणी चौदाव्या दिवशी कळलं.

क्लोन मिळाला त्याच आठवड्यात कमीत कमी दहा व्हायल गोठवा, ९० टक्के सिरम आणि १० टक्के डीएमएसओ, सिरम इथं पण टेट-फ्रीच. व्हायलवर क्लोन नंबर, पॅसेज आणि तारीख, पुसली न जाणाऱ्या पेननं. टेट प्रमोटर काळानं गप्प होतात, म्हणून दर पाच पॅसेजला आणि प्रत्येक वेळी नवी व्हायल वितळवल्यावर शून्य, शंभर आणि हजारचा छोटा वेस्टर्न करा. हजारला बँड फिका पडायला लागला की ती पिढी टाका आणि जुनी व्हायल काढा, डोस वाढवत बसू नका.